खळं करायचं कसं: दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत

लग्नानंतर जवळजवळ तीस वर्षं आम्ही सिंधुदुर्गातल्या घरी वर्षातून दोनदाच जायचो, गणपतीत आणि मे महिन्यात. गणपतीत घरासमोर घोट्याएवढं गवत आणि पायाखाली शेवाळ असायचं. मे महिन्यात त्याच जागी लख्ख सारवलेलं खळं, वर माटवाची, म्हणजे मांडवाची, सावली, कोपऱ्यात वाळत घातलेली आमसुलं. मधल्या महिन्यांत काय घडतं हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. माझं माहेर पुण्यात, सदाशिव पेठेत. आमच्या वाड्याचा चौक फरसबंदी होता. पाणी ओतलं की दगडांच्या सांध्यांतून मोरीकडे जायचं आणि चौक पुन्हा कोरडा. अंगण कुणीतरी कधीतरी करून ठेवलेलं असतं, आपण ते नुसतं झाडायचं, अशी माझी समजूत.

2017 साली बँकेतून निवृत्त होऊन आम्ही कुडाळ तालुक्यातल्या घरी कायमचे राहायला आलो. त्या ऑक्टोबरात सासूबाईंनी माझ्या हातात खोरं दिलं, तेव्हा कळलं की खळं दरवर्षी नव्याने करायचं असतं. घाटावर खळं म्हणजे मळणीची जागा. आमच्याकडे घरासमोरचं अंगण तेच खळं, आणि भात झोडायचं तेही तिथेच.

गावी घर आहे, अंगण अजून मातीचं आहे, आणि रोज कुणीतरी "एकदाचे पेव्हर ब्लॉक टाका नि मोकळे व्हा" म्हणून सांगतं आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. आमचं खळं तीस फूट लांब, वीस फूट रुंद. पुढची सगळी मापं त्याच हिशेबाने. आपल्या अंगणाप्रमाणे कमीजास्त करा.

कधी सुरू करायचं

दसऱ्याला पाऊस गेला असं समजून कुदळ मारू नका. हस्ताचा पाऊस सरला तरी चित्रा-स्वातीच्या सरी दुपारी चारला ढगांचा गडगडाट करत येतात आणि दोन दिवसांची चोपणी अर्ध्या तासात चिखलात घालतात. सलग आठ दिवस सर आली नाही की सुरुवात करायची. शेवटची तारीख पंचांगातच आहे: कार्तिक शुद्ध द्वादशी. तुळशीची लग्नं तेव्हापासून पौर्णिमेपर्यंत चालतात, आणि खळं झालं नसेल तर वऱ्हाडाला उभं कुठे करणार? सगळं मिळून बारा ते पंधरा दिवस लागतात, म्हणजे दिवाळीच्या थोडं आधी हात लावायला हवा. 2019 साली आम्ही असंच दिवाळीआधी चोपून ठेवलं आणि ऐन दिवाळीत क्यार वादळाचा पाऊस आला. आकाशकंदील पडवीत, आणि खळ्यात बेडूक. सगळं पहिल्यापासून केलं आणि लग्न पौर्णिमेला लावलं.

आधी पाणी, मग माती

पहिल्या वर्षी मी उत्साहाने गवतापासून सुरुवात करणार होते. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "गो बाय, आधी पाणी खय जाता ता बघ, मगे कुदळ हातात घे."

त्यांची पद्धत साधी होती. पायरीपाशी एक कळशी पाणी ओतायचं आणि बघत बसायचं. पाणी गडग्याकडे, म्हणजे कुंपणाच्या भिंतीकडे, गेलं तर ठीक. जागच्या जागी पसरलं तर तिथे खड्डा आहे. घराकडे वळलं, तर इतर काहीही करण्याआधी तो उतार दुरुस्त करायचा. मी बँकेतली, मला आकडा लागतो. मी प्लंबरकडची पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं आणि दोन्ही टोकांची पातळी जुळवून मोजलं. दर दहा फुटांना दीड इंच उतार पुरतो. आमच्या वीस फुटांत जोत्यापासून गडग्यापर्यंत तीन इंच. याहून जास्त दिलात तर पावसात माती धुपते, आणि वाळत घातलेल्या सुपाऱ्या घरंगळत गडग्यापाशी गोळा होतात. तेही एका वर्षी करून झालं आहे.

गडगा म्हणजे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची कोरडी भिंत, चुना-सिमेंट न लावता रचलेली. तिच्या तळाशी पाण्याला वाट ठेवलेली असते. पावसाळ्याअखेर त्या वाटा पाचोळ्याने आणि मातीने बुजतात. काठीने मोकळ्या करा; हात घालू नका, आत कोण बसलं असेल सांगता येत नाही. हौसेने गडग्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर दर सहा-सात फुटांवर तळाशी एकेक चिरा काढून घ्या.

पागोळ्यांची रेघ वेगळी बघायची. कौलांवरून पडणारं पाणी चार महिने एकाच ओळीत आदळतं आणि तिथे बोटभर खोल चर पडतो. दरवर्षी तो मातीने भरायचा आणि दरवर्षी तो पुन्हा पडायचा. आम्ही शेवटी त्या ओळीत वीतभर रुंद, वीतभर खोल खणून खडी भरली, वर चपटे दगड लावले. ही एकच गोष्ट खळ्यात कायमची करावी असं माझं मत.

खरवडणं आणि भर

शेवाळाचा थर आणि गवत खोऱ्याने खरवडून काढायचं. अंगठ्याच्या पेराएवढं खोल गेलं की बस. खालची वर्षानुवर्षं चोपलेली जमीन फोडू नका, तीच तुमचा पाया आहे. अपवाद लव्हाळ्याचा. त्याच्या गाठी खाली राहतात आणि सारवलेल्या खळ्यातून भाल्यासारखी पाती वर येतात. तो खुरप्याने, गाठीसकट काढा. लागतो वेळ. मी रेडिओ घेऊन बसते.

आता माती. तीस बाय वीस फुटांवर एक इंच थर म्हणजे पन्नास घनफूट, अर्धा ब्रास. पण ही चोपल्यानंतरची माती झाली. सुटी माती चोपल्यावर बसते, म्हणून तीसेक टक्के जास्त धरायची. एका घमेल्यात साधारण अर्धा घनफूट माती मावते, तेव्हा एकशे तीस घमेली. घाबरू नका, एवढी फक्त पहिल्या वर्षी लागते, किंवा चार-पाच वर्षं घर बंद राहिलं असेल तेव्हा. एरवी खड्डे भरायला वीस-पंचवीस घमेली पुरतात.

डोंगराची तांबडी माती चांगली, पण ती चाळून घ्या. जांभ्याचे खडे राहिले की अनवाणी पायांना टोचतात आणि झाडताना निघून येतात. मातीची परीक्षा अशी: मूठभर ओली करून तळहातावर पेन्सिलीएवढी वळी वळा. वळीच होत नसेल तर वाळू जास्त, ते खळं फेब्रुवारीत धूळ होऊन घरात येणार. वळी होऊन ती बोटाभोवती सहज गुंडाळली जात असेल तर माती फार चिकण, वाळल्यावर भेगा पडणार. वळी होते पण वाकवताना चिरते, ती माती आणा. चिकण मातीत थोडी नदीची रेती मिसळून तिला ताळ्यावर आणता येतं. जुनी माणसं वारुळाची माती आणायची, ती बारीक असते आणि बसते छान. पण वारूळ रिकामं आहे हे कोण ठरवणार, म्हणून आम्ही तो नाद सोडला.

माती पसरा, सरळ फळीने ओढून सारखी करा, झारीने पाणी शिंपडा आणि रात्रभर सोडा. पाइपने पाणी मारू नका, माती वाहते.

चोपणी

सगळं काम इथे आहे, आणि सगळ्यांना टाळायचं असतं तेही हेच.

माती चोपायला तयार झाली का हे मुठीत कळतं. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि तळहात कोरडा राहावा. तळहाताला चिकटली तर अजून अर्धा दिवस थांबा. घाईने ओल्या मातीवर चोपणं मारलंत तर ती दबत नाही, बाजूला सरकते, आणि लाटा आल्यासारखं खळं तयार होतं. आमचं पहिल्या वर्षीचं तसंच होतं. सासूबाईंची चहाची बशी ठेवली की एका बाजूला कलायची, आणि त्या वर्षभर आल्या-गेल्याला ती बशी दाखवायच्या.

आधी धुम्मसाने उभ्याने ठोकून घ्या. आमचा धुम्मस म्हणजे किंजळीचा ओंडका, त्याला वर आडवी दांडी. मग लाकडी चोपण्याने, उकिडवं बसून. जोत्यापासून सुरू करून गडग्याकडे सरकायचं, आणि प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर निम्मा पडला पाहिजे. आवाजाकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला भद्द वाजतं, बसत गेलं की टणक ठप्प वाजायला लागतं. सगळीकडे ठप्प आला की त्या दिवसाचं काम झालं. संध्याकाळी पुन्हा झारीने शिंपण, दुसऱ्या दिवशी पुन्हा चोपणी. तीन दिवस तरी करा. दोन माणसं असतील तर सकाळच्या दोन तासांत एक फेरी होते. दुपारी उन्हात कुणी करत नाही, तुम्हीही करू नका.

पूर्वी हे काम वाडीतली माणसं एकमेकांकडे जाऊन करायची. आज तुमचं, उद्या आमचं. आता वाडीत चोपणं धरू शकणारी माणसं मोजकी राहिली. आम्ही मजुरीने दोघांना बोलावतो आणि स्वतःही बसतो. भाड्याने मिळणारं पेट्रोलचं ठोकणी यंत्र एकदा वापरून पाहिलं. काम पाऊण तासात झालं हे खरं, पण कडेला आणि तुळशीभोवती ते पोचत नाही, आणि त्याच्या कंपाने पडवीची दोन कौलं खाली आली. मोठं खळं असेल तर मध्यभागासाठी आणा, कडा हातानेच करा.

वाळताना बारीक भेगा पडतात. पातळ चिखल करून त्यात भरा आणि तेवढंच चोपा. बोट जाईल एवढी भेग पडली तर माती चिकण आहे. वरून लिंपून ती जात नाही, तेवढा भाग खणून रेती मिसळावी लागते.

सारवण

पहिला हात शेण-मातीचा, पुढचे नुसत्या शेणाचे. शेण ताजं हवं. गवत-पेंढा खाणाऱ्या गावठी गाईचं शेण धरून ठेवतं. पेंडीवरच्या संकरित गाईंचं पातळ असतं आणि सुकल्यावर पापुद्रे निघतात, असा माझा अनुभव. शेजारी ही गोष्ट मान्य करत नाहीत, त्यांच्याकडे संकरित गाई आहेत. आम्हाला एका वेळी दोन बादल्या शेण लागतं, त्यात चार बादल्या पाणी. काड्या काढून हाताने कालवायचं. ताकापेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ.

ओसरी हाताने सारवतात, बोटांची अर्धगोल वळणं एकात एक बसवत. खळं एवढं मोठं की त्याला हिराची, म्हणजे माडाच्या पात्यांच्या काड्यांची, झाडणी. शेणाचं पाणी ओतायचं आणि झाडणीने एकाच दिशेने ओढायचं. उलटसुलट फिरवलंत तर वाळल्यावर पट्टे दिसतात.

आणि कुठे संपवायचं ते आधी ठरवा. मी पहिल्यांदा चारी बाजूंनी आत सारवत आले आणि शेवटी तुळशी वृंदावनाच्या पायरीवर उभी राहिले, चहूकडे ओलं शेण. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "आता तुळशीबरोबर रात काढ." घराच्या पायरीपासून सुरू करा, मागे मागे सरकत बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या दाराशी, बाहेर पडा, आणि मागच्या दाराने घरात या. कुत्रा आधी बांधा. कोंबड्या झाका.

पूर्वी खळं काळंभोर दिसावं म्हणून टॉर्चचे संपलेले सेल फोडून आतली काळी पूड शेणात कालवायचे. आमच्या घरी तर जुने सेल डब्यात जमवून ठेवलेले होते. ते करू नका. त्यात मँगनीज आणि जस्ताची संयुगं असतात, आणि ज्या जागेवर पोरं रांगणार, धान्य वाळणार तिथे ती नकोत. काळा रंग हवाच असेल तर चुलीतल्या कोळशाची वस्त्रगाळ पूड घाला.

पुढे आठवड्याला एक हलका हात पुरतो. भात झोडण्याआधी मात्र एक दाट हात द्या, नाहीतर तांदळात खडे येतात आणि दोष गिरणीवाल्याला जातो.

माटव

शब्द आधी नीट करून घेते, कारण मी वर्षभर चुकत होते. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची, फळाफुलांनी सजवतात ती. माटव म्हणजे खळ्यावरचा मांडव.

आमचा माटव खळ्याच्या घराकडच्या निम्म्या भागावरच असतो. उरलेला निम्मा उन्हाला मोकळा ठेवा. सोललेल्या कोकमांना आणि सुपारीला ऊनच लागतं. सुपारी वाळायला महिना-दीड महिना जातो. सगळ्या खळ्यावर पत्रा टाकणाऱ्यांना वाळवण रस्त्यावर घालावं लागतं, हे आमच्या वाडीत रोज दिसतं.

खांब पोफळीचे किंवा बांबूचे. बांबू थंडीत तोडलेला आणि दोन-तीन आठवडे व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यात बुडवून ठेवलेला घ्या. आतली साखर-पिष्ट धुऊन जातं आणि घुण कमी लागतो. तसाच हिरवा लावलेला बांबू मार्चमध्ये पिवळी पूड गाळायला लागतो, बरोबर जेवणाच्या पानात. वर नारळाच्या झावळ्यांचे झाप. झावळी मधोमध चिरून काही दिवस पाण्यात भिजवली की पाती मऊ होतात आणि विणताना तुटत नाहीत. विणणारं कुणी नसेल तर हिरवी जाळी चालेल, तिच्याखाली उकडतं मात्र. प्लास्टिकची ताडपत्री नको. तिच्याखाली एप्रिलमध्ये बसून पाहा.

दरवर्षी खांबांसाठी खड्डे खणले की चोपलेली जमीन फुटते. नवऱ्याने यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. प्रत्येक खांबाच्या जागी दीड फूट पीव्हीसी पाइप उभा पुरून ठेवला आहे, तळाशी खडी, वर टोपण. नोव्हेंबरात टोपण काढायचं, खांब आत सोडायचा, बाजूने पाचर ठोकायची. पाइप खांबापेक्षा थोडा रुंद घ्या. आमचे पहिले दोन अरुंद निघाले, त्यात आता कर्दळ आहे.

तुळस माटवाच्या सावलीत येऊ देऊ नका. वृंदावनाच्या तळाशी पाणी जायला भोक आहे ना ते पाहा. नसेल तर दर पावसाळ्यात मुळं कुजतात आणि दर कार्तिकात नवी तुळस आणावी लागते. लग्नाच्या दिवशी ऊस, चिंच आणि आवळा लावायलाही त्या मातीत वीतभर जागा मोकळी हवी.

पेव्हर ब्लॉकचं काय झालं

2018 ला आम्हीही मोहात पडलो. बेड्याकडच्या बाजूला गाडीसाठी दहा फूट पट्टा सिमेंट ब्लॉकने करून घेतला. करणाऱ्याने मापं न घेता तो खळ्यापेक्षा दोन इंच उंच केला. पहिल्या पावसात गडग्याकडे जाणारं पाणी तिथे अडलं आणि उलटं पडवीत आलं. जांभा पाणी शोषतो. जोत्याची भिंत दोन फुटांपर्यंत ओली झाली आणि गिलावा फुगून सुटला.

मग मी हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं खळं सुमारे छप्पन चौरस मीटर. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो. म्हणजे नुसत्या खळ्यावर एक लाख अडुसष्ट हजार लिटर, कौलांवरचं वेगळंच. एवढ्या पाण्याची वाट दोन इंचांनी अडवायची आणि वर भिंतीला दोष द्यायचा, हा व्यवहार बरोबर नव्हता.

ब्लॉक पुढच्या उन्हाळ्यात उचलले. गाडीसाठी आता फक्त दोन चाकपट्ट्या आहेत: दीड फूट रुंद, चिरे जमिनीत बसवलेले, सांधे मातीने भरलेले, वरचा पृष्ठभाग खळ्याच्या बरोबरीला. मधे गवत येतं, येऊ दे. ओली गाडी मात्र ताज्या सारवणावर आणू नये, हे पाहुण्यांना दारातच सांगावं लागतं.

आगोट

आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची तयारी. मे सरताना माटव उतरवायचा. चांगले झाप पडवीच्या पावसाच्या बाजूला बांधायला येतात, कुजके चुलीत जातात. पाइपांना टोपणं घट्ट बसवा, नाहीतर त्यांत डास होतात. पायरीपासून बेड्यापर्यंत पाऊलभर अंतरावर चिरे मांडून ठेवा, कारण जुलैत शेवाळावरून सासूबाईंच्या वयाचं माणूस घसरलं तर ते खाटेवरच राहतं. शेवटचं सारवण मेच्या मध्यावर बंद करा. पावसात त्याचा चिखलच होतो.

आणि पहिली मोठी सर आली की ओसरीवर उभं राहून मोबाइलवर खळ्याचे फोटो काढा. पाणी कुठे साचलं ते ऑक्टोबरात कुणालाही आठवत नाही. मी वहीत नकाशाही काढते. यंदा दोन डबकी आहेत. एक नळापाशी, ते अपेक्षितच होतं. दुसरं पायरीपासून चार पावलांवर, बशीएवढं, बरोबर जिथे सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या.

नळापाशी तीन घमेली माती लागेल.

दुसऱ्याला एक पुरेल, पण ते यंदा भरायचं की नाही, हे अजून आमचं ठरलेलं नाही.